भट्टी धाकटीकडे राहील

मी, हे लिहून देणारी, धंद्याने मातीकाम करणारी, वयाने सत्तरीच्या पलीकडची, आज सकाळी चहा घेऊन, चष्मा लावून, स्वतःच्या कारखान्यात स्वतःच्या टेबलापाशी बसून स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ते ठिकाणावर नाही असे माझ्या चिरंजीवांनी मी इस्पितळातून आल्यापासून पुष्कळ लोकांना सांगितले आहे, म्हणून डॉक्टरांना समोर बसवून घेतले आहे. त्यांनी मला वार विचारला, आकडे उलटे म्हणायला लावले आणि शेवटी विचारले, "तुमच्यावर कुणी दबाव आणतंय का?" मी म्हटले, "तसा माणूस अजून भट्टीतून भाजून निघायचाय." हे उत्तर त्यांनी शुद्धीचा पुरावा म्हणून टिपून घेतले. माणूस बरा आहे.

वकीलसाहेबांनी दोन सूचना केल्या. भाषा साधी ठेवावी आणि मनातला राग कागदावर काढू नये. भाषा साधी ठेवली आहे.

यापूर्वी मी कधीही मृत्युपत्र केलेले नाही. इस्पितळात माझ्या नाकाला नळी लावलेली असताना चिरंजीवांनी एका कागदावर सही मागितली होती, ती मी दिलेली नाही. तो कागद पुढे कुठे निघालाच, तर त्यात भाजी बांधावी.

कलम एक. ज्या मालमत्तेबद्दल हे लिहिते आहे ती अशी. दोन गोदामांच्या मध्ये असलेला, पत्र्याच्या छपराचा कारखाना. डाव्या हाताला मातीचे हौद आणि चाक, उजव्या हाताला लोहाराची शेगडी, भाता आणि ऐरण, आणि बरोबर मध्ये भट्टी. पुढच्या अंगाला मी राहते त्या दोन खोल्या, मागच्या अंगाला धाकटी (ती कोण ते कलम चारमध्ये येईल) राहते ती एक खोली. याला चिरंजीव आणि सूनबाई 'स्टुडिओ' म्हणतात. इथे तीस वर्षे घाम गाळणाऱ्या दोन बायका त्याला कारखाना म्हणतात, आणि या कागदात त्यालाच कारखाना म्हटले आहे. जागा माझ्या वडिलांकडून मिळालेल्या वाट्यातून मी घेतली. माझ्या नवऱ्याने या इमारतीत एक खिळाही ठोकलेला नाही, आणि तो धातूचे काम करणारा होता.

याशिवाय चिरंजीव राहतात तो फ्लॅट माझ्या नावावर आहे, आणि बँकेत थोडी शिल्लक आहे.

कलम दोन. फ्लॅट चिरंजीवांना द्यावा. ते त्यात राहतातच, त्यांना बाहेर काढण्याइतका उत्साह आता माझ्यात उरलेला नाही. शिलकीतूनही, कलम सहामधला खर्च वजा करून, राहील ते त्यांना द्यावे. म्हणजे आईने आपल्याला उघड्यावर टाकले असे त्यांना कुठे सांगता येणार नाही. तरी ते सांगतील.

कलम तीन. पुढचे कलम कळायला आम्ही काय बनवतो ते सांगावे लागेल, कारण न्यायाधीश झाले तरी त्यांना ते माहीत असण्याचे कारण नाही. आम्ही मोठे रांजण करतो. त्यांच्या मानेला लोखंडी वळे घातलेले असते. ते वळे चिकटवलेले नसते, खिळ्याने ठोकलेले नसते. मानेपेक्षा अगदी थोडे लहान वळे करायचे. ते शेगडीत केशरी होईपर्यंत तापवायचे. तापले की लोखंड फुगते आणि वळे मोठे होते. दोन बाजूंनी दोघांनी सांडशीत धरून ते उचलायचे, मानेवरून खाली आणायचे आणि एकाच क्षणी सोडायचे. निवताना ते आवळते आणि मानेला असे बसते की रांजण फुटेल पण वळे निघणार नाही. वळे बसेपर्यंत मान मंद निखाऱ्यांनी कोमट ठेवावी लागते, नाहीतर तापले लोखंड टेकताच ती तडकते. सगळे इतकेच आहे. करून पाहावे.

या कामाला दोन माणसे लागतात. एकाने करायचे हे काम नाही. हे वाक्य वकिलांनी कायद्यात पुढे कुठे उपयोगी पडेल तिथे वापरावे.

आमच्या रांजणांवर एका समीक्षकाने मोठा लेख लिहिला होता. माती ही स्त्री, लोखंड हा पुरुष, आणि दोघांच्या आलिंगनातून कला जन्म घेते, असा त्यात शोध होता. धाकटीने तो लेख मला वाचून दाखवायला लावला आणि विचारले, "मग सांडश्या धरून उभ्या असतात त्या आपण दोघी कोण?" समीक्षकाला माझ्याकडून या मृत्युपत्रान्वये काही देऊ नये. त्यांना एक फुलदाणी आधीच दिली होती. तिला तळाशी चीर होती. त्यांनी तिच्यावरही लिहिले.

कलम चार. आता नवऱ्याबद्दल, कारण त्याच्याशिवाय धाकटी कुठून आली हे सांगता येत नाही. दिसायला देखणा होता. हात चांगला होता. एकही काम त्याने कधी शेवटाला नेले नाही. मुलगा शाळेत असताना तो मला सोडून गेला आणि पुलापलीकडे एका खोलीत दुसरीबरोबर राहू लागला. त्यांचे लग्न झाले होते की नाही हे मी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. काही वर्षांनी तो तापाने गेला. संसारही अर्धाच टाकून.

त्यानंतर एका दुपारी ती दारात उभी राहिली. हातात त्याच्या सांडश्यांची जोडी, आणि चेहरा असा की जणू मीच तिच्या दारात गेले आहे.

"हत्यारं घेणार का? बाजारात भंगाराचा भाव देतात," ती म्हणाली.

"भंगाराच्याच माणसाची आहेत," मी म्हटले.

"ते मला सांगू नका थोरल्याबाई. तुमच्यापेक्षा नंतर वापरलाय मी तो."

मी आयुष्यात कोणाला इतक्या लवकर ओळखलेले नाही. आत घेतले. चहा दिला नाही.

त्या वेळी माझे काम अडलेले होते. नवरा सोडून गेल्यापासून एकही वळे बसत नव्हते. मानेचे माप घेऊन वळे किती लहान ठेवायचे ते त्याने मला शिकवले होते, पण मी एखाद्या मजुराला समोर उभे करून बसवले की एक तर खाली उतरायचे नाही, नाहीतर मान तडकायची. तिने ते फुटके तुकडे पाहिले आणि म्हणाली, "तापवता कुठवर?" मी म्हटले, "लाल होईपर्यंत." ती हसली. ते हसणे मी तिला अजून माफ केलेले नाही. "लाल काय? केशरी. लालवर फुगतं कुठे ते!"

मग तिने स्वतः एक वळे तापवले. रंग अचूक आला. आम्ही दोघींनी उचलले, बसवले. नीट बसले. आणि मी श्वास सोडायच्या आत तिने बादलीभर पाणी त्यावर ओतले, कारण त्याने तिला दाखवलेल्या कोयत्या-विळ्यांच्या कामात तापले लोखंड पाण्यात बुडवतात. मान कापल्यासारखी खाली पडली.

"मातीवर पाणी ओततात का गं?" मी ओरडले.

"मला काय माहीत? मातीचं त्यांनी कधी काही सांगितलंच नाही."

"आणि मला रंगाचं सांगितलं नाही."

आम्ही दोघी त्या तुटलेल्या मानेकडे बघत बसलो. त्याने मला माप शिकवले होते आणि तिला रंग. काहीजण म्हणतील, त्याने हे मुद्दाम केले, दोघींना बांधून ठेवायला. इतका विचार त्याने केला असेल असे मला वाटत नाही. मला शिकवताना त्याला कंटाळा आला, आणि पुढचे त्याने तिला शिकवले, एवढेच. दोन संसारांत मिळून त्या माणसाने एक पूर्ण गोष्ट शिकवली, आणि ती शिकायला आम्हाला एकमेकींचे तोंड पाहावे लागले.

त्या दिवसापासून ती मागच्या खोलीत राहते. आम्ही मैत्रिणी नाही. तिचा स्वयंपाक अळणी असतो, ती माझी वर्तमानपत्रे शेगडी पेटवायला घेते, आणि मी बोलत असताना मध्येच ऐरणीवर ठोकायला लागते. तिच्या बाजूने विचाराल तर ती माझ्याबद्दल याहून लांब यादी देईल.

नवऱ्याचे जे काही उरले आहे, म्हणजे एक कोट आणि चौकटीतला एक फोटो, ते माझ्या नणंदेला द्यावे. भाऊ देव होता असे ती आजही सांगते. देवाला घरी ठेवावे.

कलम पाच. कारखाना, त्यातली भट्टी, चाक, शेगडी, हत्यारे, माती, आणि पुढच्या मागच्या सर्व खोल्या मी धाकटीला देते. राहायला नाही, वापरायला नाही. देते. मालकीने देते. हे मी मुद्दाम तीनदा लिहिले आहे, कारण वकिलांच्या पहिल्या मसुद्यात 'हयातीपुरता वापर' असे शब्द होते. हयातीपुरता वापर म्हणजे रोज सकाळी उठून कोणीतरी ती मेली का ते बघायला येणार. ते कोण हे मला माहीत आहे.

चिरंजीवांच्या मनात कारखान्याचे काय आहे ते मला इस्पितळातच कळले. त्यांनी कागद पुढे केला आणि म्हणाले, "आई, फक्त सही कर. बाकी सगळं मी बघतो."

"बाकी सगळं म्हणजे?"

"म्हणजे जागेचं काहीतरी चांगलं करू. तुझ्या नावाने. भट्टी मध्ये तशीच ठेवायची, बंद, आत दिवे लावून. लोक येतील, बघतील, कॉफी घेतील. हाताने माती हाताळायचा अनुभव."

"भट्टीत दिवे?"

"मंद दिवे," सूनबाई म्हणाल्या. "फार छान दिसेल, आई."

"आणि धाकटी?"

चिरंजीवांनी खिडकीबाहेर पाहिले. तिला काय हाक मारायची हे त्यांनी आजवर ठरवलेले नाही, त्यामुळे तिच्याबद्दल बोलायचे झाले की ते खिडकीबाहेर बघतात. "त्यांना एखादी खोली बघून देऊ. कुठेतरी. आणि तसं पाहिलं तर त्यांचा कायद्याने काही संबंध नाही ना."

हे मात्र त्यांचे खरे आहे, आणि म्हणूनच हे मृत्युपत्र आहे. मी गेल्यावर तिचा कायद्याने कशाशीच संबंध उरत नाही. ना माझ्याशी, ना या छपराशी, ना ज्या भट्टीत तिने अर्धे आयुष्य कोळसा घातला तिच्याशी. सकाळी माझी तिरडी निघेल आणि संध्याकाळी तिची पेटी गल्लीत येईल. चिरंजीव वाईट नाहीत. ते तिची पेटी स्वतः ओरडून फेकणार नाहीत, त्यासाठी ते चांगल्या भाषेत बोलणारा माणूस पाठवतील.

चिरंजीवांच्या बाजूने एक गोष्ट लिहून ठेवते, म्हणजे मी पक्षपाती आहे असे कोणी म्हणणार नाही. बापाला घेऊन गेलेली बाई आईच्या घरात येऊन राहते, हे शाळकरी पोराला काही गोड वाटले नसणार. त्याने एकदा मला विचारले होते, "तू हिला का ठेवून घेतलंस?" मी म्हटले होते, "हिला रंग कळतो." त्याला ते उत्तर पुरले नाही. माझ्याकडे दुसरे नव्हते, आणि आजही नाही.

हे कलम धाकटीला वाचून दाखवले तेव्हा ती सांडशीला तेल लावत होती.

"मला नको," ती म्हणाली.

"विचारलं नाहीये. सांगितलंय."

"तुमचा मुलगा मला कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावेल. म्हणेल, हिने म्हातारीच्या कानाला लागून लिहून घेतलं. या वयात मी वकिलांच्या तोंडाकडे बघत बसू?"

"नाहीतरी तुझा स्वयंपाक झाल्यावर तू काय करतेस? भांडतेस. ते तिथे जाऊन कर."

"आणि तुम्ही मेल्यावर दुसरी सांडशी कोण धरणार? तुमचं भूत?"

मी पुढचे कलम लिहायला घेतले. तिने पुन्हा तेल लावायला घेतले.

कलम सहा. धाकटीच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेचा सगळा खर्च शिलकीतून आधी करावा, मग बाकीच्यांनी हात पसरावेत. इतकी वर्षे उघड्या डोळ्यांनी निखाऱ्यात बघून तिची नजर दुधाळ झाली आहे. हे ती लपवते. तिला वाटते मला कळलेले नाही. गेल्या हिवाळ्यापासून ती शेगडीपाशी उभी राहून सहज म्हणावे तसे म्हणते, "काय हो थोरल्याबाई, झालं का केशरी, का तुम्हाला अजून लालच दिसतंय?" आणि मी म्हणते, "अजून नाही," किंवा "झालं." असे करून आता रंग मी बघते. आणि माप ती हाताच्या बोटांनी घेते, माझ्या मापापेक्षा चांगले. शस्त्रक्रियेला ती भिते. नाटके करू देऊ नयेत. हाताला धरून न्यावे आणि बसवावे. डॉक्टर इथे ऐकत आहेतच, त्यांनी हे अंगावर घ्यावे. घेतले असे ते मान हलवून सांगत आहेत.

कलम सात. गॅलरीवाल्यांनी आमच्या प्रत्येक प्रदर्शनाच्या पाटीवर फक्त माझे नाव लावले. मी दर वेळी सांगितले, दर वेळी ते म्हणाले, "दोन नावांनी गोंधळ होतो." त्यांच्याकडे आमचे जे काम पडले आहे ते धाकटीने स्वतः जाऊन परत आणावे. सोबत हातोडा न्यावा. वापरायची वेळ येणार नाही.

कलम आठ. माझ्या नावाने पुरस्कार, स्मृतिदालन, शिबिर, पुतळा, अर्धपुतळा यांतले काहीही करू नये. विशेषतः भट्टीत दिवे लावू नयेत.

इथपर्यंत लिहून झाले होते आणि मी सही करणार होते. पण मध्ये जे घडले त्यामुळे आणखी दोन कलमे घालावी लागत आहेत. ती घालण्याचे कारण दोन्ही साक्षीदारांसमोर आणि वकिलांसमोर लिहून ठेवते.

आज एका मोठ्या रांजणाला वळे बसवायचे होते. मृत्युपत्र आहे म्हणून काम थांबवायचे का, असे मी धाकटीला विचारले होते. ती म्हणाली, "मरणार तुम्ही आहात, रांजण नाही." म्हणून मान सकाळपासून निखाऱ्यांत कोमट होत होती आणि वळे शेगडीत होते. मला डॉक्टरांनी उचलायची मनाई केली आहे. मी आजारी पडल्यापासून शेजारचा सुतार, जो या कागदाचा दुसरा साक्षीदार आहे, माझ्या जागी उभा राहतो. मी खुर्चीत बसून रंग सांगायचा, धाकटीने 'सोड' म्हणायचे, सुताराने सोडायचे, असे ठरलेले आहे.

रंग येत आला होता तेवढ्यात चिरंजीव आले. त्यांना कोणी बातमी दिली मला माहीत नाही. मला संशय आहे आणि तो नणंदेवर आहे. सुतार त्यांना थोपवायला पुढे गेला, तर चिरंजीव त्याला बाजूला सारून थेट शेगडीपाशी, सुताराच्या रिकाम्या जागेवर, धाकटीच्या समोर येऊन उभे राहिले. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट.

"काय लिहून घेताय तुम्ही तिच्याकडून?" ते तिला म्हणाले. मला आठवते आहे तेव्हापासून ते तिच्याशी समोरासमोर बोललेले हे पहिले वाक्य.

"मी काही लिहून घेत नाहीये. मला अक्षर तरी दिसतं का?" धाकटी म्हणाली, आणि इतक्या दिवसांचे लपवलेले रागाच्या भरात तिच्याच तोंडून बाहेर पडले.

"मी हे चालू देणार नाही. आई आजारी आहे, तिला काही कळत नाही, आणि तुम्ही..."

"झालं!" मी ओरडले. कारण वळे झाले होते. केशरी. त्या रंगाला थांबता येत नाही. वळे निवले तर उतरत नाही, आणि पुन्हा तापवेपर्यंत मान गार होऊन तडकते.

धाकटीने आपली बाजू सांडशीत पकडली होती. सुतार दाराशी होता. तिने दुधाळ डोळे वर करून समोर जे पांढरे दिसत होते त्याला म्हटले, "अरे, बोलत काय उभा राहिलास? धर ते!"

आणि त्याने धरले.

लहानपणी शंभरदा पाहिलेले असेल, हातांना आठवले असावे. सांडशी उचलली, वळे उचलले. त्याच्या शर्टाच्या बाहीला धग लागली आणि वास आला, पण त्याने सोडले नाही. दोघांनी वळे रांजणावर आणले. धाकटी एका हाताने सांडशी धरून दुसऱ्या हाताच्या बोटांनी मानेचा काठ चाचपत होती आणि बोलत होती, "माझ्याकडे. अजून. खाली. घाई नको. खाली. खाली. सोड!"

'सोड' म्हणायच्या निमिषभर आधी तो घाबरला आणि त्याने सोडले. वळे बसले. मान शाबूत राहिली. वळे तिरके बसले, त्याच्या बाजूला खाली, तिच्या बाजूला वर.

वकीलसाहेब टाळी वाजवायला निघाले होते, मी डोळे वटारले तेव्हा त्यांनी हात खिशात घातले. लोखंड आवळताना जो बारीक आवाज येतो तो येत होता.

"सरळ बसलं ना?" धाकटीने विचारले.

मी चष्मा पुसायला घेतला. सुतार छताकडे बघू लागला. मुलगा वळ्याकडे बघत होता. मग म्हणाला, "सरळ बसलंय."

वळे निवल्यावर तिने त्यावरून सगळीकडून तळहात फिरवला आणि म्हणाली, "खोटारडा. बापावर गेलाय."

तो हसला. मग मला विचारू लागला, "काढून परत बसवता येईल?"

"नाही. निघत नाही. कापावं लागतं, आणि कापताना मान जाते."

"इतकं घट्ट बसतं ते?"

"इतकंच घट्ट बसतं."

डॉक्टरांनी त्याच्या मनगटाला मलम लावले. तो म्हणाला, "आई, मी कोर्टात जाणार आहे हे तुला सांगून ठेवतो." मी म्हटले, "जा." धाकटी म्हणाली, "आज नको जाऊ. हात ओला करू नकोस." मग तो गेला.

म्हणून खालील दोन कलमे.

कलम नऊ. माझ्या मुलाने या मृत्युपत्राविरुद्ध दावा केला आणि धाकटीने दडपण आणून म्हातारीकडून लिहून घेतले असे म्हटले, तर न्यायालयाने त्याला एवढेच विचारावे: तुझ्या आईने 'झालं' म्हटल्यावर तू तिच्या शब्दावर विश्वास ठेवून तापले लोखंड हातात का घेतलेस? आईला काही कळत नाही असे जो म्हणतो, तो तिच्या नजरेवर हात भाजून घेत नाही. हे घडताना डॉक्टर, सुतार आणि वकील हजर होते. भाजल्याची खूण मनगटावर राहील, असे डॉक्टरांचे मत आहे.

कलम दहा. आज वळे बसवलेला रांजण माझ्या मुलाला द्यावा. तो एकट्याने उचलायचा नाही, दुसरी बाजू धाकटीला धरायला सांगावी. ती शिव्या देईल, त्या ऐकून घ्याव्यात. वळे तिरके असल्यामुळे हा रांजण कोणी विकत घेणार नाही. त्यामुळे तो त्याच्याकडेच राहील.

वर लिहिलेले सर्व मी वाचून पाहिले, वकिलांनी मोठ्याने वाचून दाखवले, आणि एक शब्दही बदलायचा नाही असे सांगून मी खाली सही करते. सही थोडी तिरकी आली आहे. ती रागाने तिरकी आली आहे, याची साक्षीदारांनी नोंद घ्यावी.

ठिकाण: कारखाना, भट्टीच्या पुढ्यात.
तारीख: वकिलांच्या शिक्क्यावर आहे तीच.

लिहून देणार: (सही) मातीकाम करणारी

साक्षीदार पहिला: (सही) डॉक्टर. लिहून देणार बाई पूर्ण शुद्धीत आहेत. जरा जास्तच.

साक्षीदार दुसरा: (सही) शेजारचा सुतार. मी सगळं पाहिलं. मी दाराशी गेलो नसतो तर वळं सरळ बसलं असतं.